एकोणीस गाड्यांचं फाटक

ऑरिन टॅकेटबद्दल आमच्या ॲल्कली वेल्समध्ये अशी बोलवा आहे की, त्या जानेवारीत सरकारी चराई कचेरीवर जे बंदूकवाले चालून गेले, त्यांचा आतला माणूस तोच. किल्ली त्याच्याकडे होती. वेळ त्यानेच ठरवली. सगळे आत शिरल्यावर पोलिसांना येता येऊ नये म्हणून फाटकाला कुलूपही त्यानेच ठोकलं. पेट्रोल पंपावरचा म्हातारा हे सांगताना आधी इकडेतिकडे बघतो, मग आवाज खाली आणतो. "अरे, शांत माणसंच असली असतात! एकाहत्तर वर्षांचा दहशतवादी. कवळी लावून क्रांती करायला निघालाय!"

किल्ली त्याच्याकडे होती हे खरं. कुलूप त्याने लावलं हेही खरं. बाकीचं सगळं खोटं. आणि जे खरं आहे ते इतकं किरकोळ आहे की त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. ऑरिन त्या दिवशी गाडीत दाराच्या बाजूला बसला होता, एवढंच.

आमच्याकडे पूर्व ऑरेगॉनात घरापासून दुकानापर्यंत जायचं तर चार फाटकं लागतात. जो गाडी चालवतो तो बसून राहतो. जो शेजारी बसलाय तो उतरतो, फाटक उघडतो, गाडी पुढे गेली की बंद करतो आणि पुन्हा चढतो. हे कुणी कुणाला सांगत नाही. पाच वर्षांच्या पोरालाही ते कळतं. एखादा शहरी पाहुणा तसाच बसून राहिला तर त्याला कुणी काही बोलत नाही, फक्त पुन्हा जेवायला बोलवत नाही. आणि दुसरं, फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं. बंद होतं तर बंद. भांडण असो, लग्न असो, घरात मयत असो, यात बदल नाही.

ऑरिनने तर पन्नास वर्षं कुंपणंच घातलेली. कौंटीतल्या निम्म्या तारा त्याच्या हातच्या. गुरंवाल्यांची कुंपणं तोच घालायचा आणि सरकारचीही तोच. दोघंही त्याला शिव्या द्यायचे आणि दोघंही पुढच्या वर्षी त्यालाच बोलवायचे. बोलणं असं की बोलण्याआधी एक लांबलचक "हं", मग तीन शब्द, मग खोकला. त्याच्या बहिणीच्या मुलीला, म्हणजे प्रस्तुत लेखिकेला, ते सातव्या वर्षापासून हुबेहूब येतं. मामाला ते ठाऊक होतं. "हं. माझ्यापेक्षा बरं करतेस," म्हणायचा.

कचेरीच्या फाटकाला साखळी होती, आणि साखळीत एकात एक अडकवलेली चार कुलपं. एक सरकारचं, एक वीज कंपनीचं, एक गुरंवाल्यांच्या संघाचं आणि एक ऑरिनचं. कुठलंही एक उघडलं की साखळी सुटते. ऑरिनच्या खिशात किल्ली का होती, तर ती गेली एकवीस वर्षं तिथेच होती.

त्या शनिवारी गावात सभा होती. वणव्यानंतर सरकारने वरची कुरणं तीन वर्षं बंद ठेवली होती. ऑरिनच्या बहिणीने, व्हर्डाने, निम्मी गुरं विकली होती, आणि तिचा मुलगा रीस, सव्वीस वर्षांचा, कधीपासून धुमसत होता. दूरच्या राज्यातून एक पुढारी आला होता. नवीकोरी टोपी, नवेकोरे बूट आणि रेडिओवरच्या पाद्र्यासारखा आवाज. प्रत्येक वाक्याच्या शेवटी आपल्याला रडू येणार असं वाटायचं, आणि मग यायचं नाही. तो म्हणाला, चला, आपला अर्ज कचेरीच्या दाराला ठोकून येऊ. लोक निघाले. ऑरिनच्या गाडीची बॅटरी थंडीने बसली होती आणि त्याचं घर कचेरीच्या पलीकडे मैलभर. रीस म्हणाला, "मामा, बस. सोडतो."

बंदुका होत्या. पण आमच्याकडे त्या असतातच. पिकअपच्या मागच्या काचेला बंदूक टांगलेली नसली तर लोक विचारतात, विकलीस का? ऑरिनच्या डोक्यात एवढंच आलं की बऱ्याच गाड्यांच्या पाट्या परराज्यातल्या दिसतात, एवढ्या लांबून आलेत, कुणी जेवायचं विचारलं असेल का यांना.

गाडी फाटकाशी थांबली. ऑरिन उतरला. आपलं कुलूप काढलं, साखळी सोडली, फाटक बर्फातून ढकलत उघडलं. रीस आत गेला. मागे गाडी, तिच्यामागे गाडी. मागे कुणी असेल तर शेवटच्या गाडीपर्यंत फाटक धरून उभं राहायचं, ही रीत. तो उभा राहिला. आणि जाणाऱ्या प्रत्येक गाडीला त्याने टोपीच्या काठाला दोन बोटं लावली, कारण तेही करायचंच असतं. एकोणीस गाड्या. एकोणीस वेळा दोन बोटं. मग फाटक ओढलं, साखळी घातली, कुलूप लावलं, दोनदा हिसडा देऊन पाहिला आणि घराकडे चालू लागला.

सातव्या की आठव्या गाडीतला एक जण फोनवर चित्रण करत होता. सोमवारपर्यंत सगळ्या देशाने ते पाहिलं. खाली लिहिलेलं, 'देशांतर्गत दहशतवाद्यांचा द्वारपाल'.

पण ते नंतर. त्याआधी जे झालं ते कुणाच्याच चित्रणात नाही.

कचेरीत त्या दिवशी लेनोर प्रुइट होती. लेनोर तिथली कारकून, एकोणीस वर्षं. शनिवारी सुट्टी असते, पण वसंतातले परवाने लवकर निघावेत म्हणून ती आली होती, आणि त्यातले अर्धे परवाने सभेत ओरडणाऱ्यांचेच होते. रीस दहा वर्षांचा असताना त्याच्या पहिल्या वासराचा जत्रेतला फॉर्म तिने भरून दिला होता. तो तिला लेनोरमावशी म्हणायचा.

ऑरिन रस्त्याने दोनशे पावलं गेला असेल, तेवढ्यात मागून तिची निळी गाडी आली. त्याने हात वर करून हाक मारली, "काय गं लेनोर, आज शाळा लवकर सुटली?"

ती थांबली नाही. काचेतून तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि गाडी निघून गेली. ऑरिनने मागे वळून पाहिलं तर फाटक सताड उघडं, वाऱ्यावर हलत होतं.

एकटी बाई गाडी चालवत असेल तर तिला फाटकाशी दोनदा उतरावं लागतं. लेनोर एकदाच उतरली होती.

ऑरिन चक्क वैतागला. "हं. एवढी कसली घाई," असं पुटपुटत तो बर्फातून परत गेला, फाटक लावलं, पुन्हा कुलूप घातलं. पोलिसांना अडवलं म्हणतात ते हे. घरी जाऊन त्याने बीन्स गरम केले, आणि रेडिओ लावल्यावर त्याला कळलं की कचेरी 'ताब्यात' गेलीय आणि आतले म्हणतायत, सरकार हटल्याशिवाय आम्ही हटणार नाही, आणि कुणी आलंच तर गोळ्या आहेत.

अकरा दिवस चाललं ते. तिसऱ्या दिवशी ऑरिन फाटकापाशी गेला आणि रीसला बोलावून घ्या म्हणाला. रीस आला. अंगात लष्करी जाकीट, पोटावर आडवी रायफल, आणि चालही बदललेली. फाटकाच्या अलीकडे मामा, पलीकडे भाचा.

"घरी चल."

"मामा, हा देशाचा प्रश्न आहे."

"हं. देश राहू दे. तुझ्या आईची गाय अडलीय."

रीसचा चेहरा एकदम नेहमीचा झाला. "कुठली?"

"पांढऱ्या कानाची."

"तिचं वासरू नेहमी उलटंच येतं. दोरी लावावी लागते. आईला एकटीला नाही जमणार..." त्याने साखळीला हातही लावला. तेवढ्यात मागून त्या पुढाऱ्याचा पाद्री आवाज आला, "भावा, सगळं ठीक ना?" रीसने हात काढून घेतला. म्हणाला, "तू कर ना, मामा. तुला येतं."

ऑरिनने केलं. गाय वाचली, वासरू गेलं. त्या वेळी साखळीवर आलेला तो हात आपण धरून ठेवायला हवा होता, हे तो आजही म्हणतो. कुणाला उद्देशून नाही, भांडी विसळताना वगैरे.

बाराव्या दिवशी सगळे हात वर करून बाहेर आले. कुणी मेलं नाही. सरकारी माणसांनी ऑरिनला दोन दिवस बसवून विचारलं. प्रत्येक शब्द इस्त्री करून बोलणारी माणसं. "मिस्टर टॅकेट, एकोणीस वाहनांना आपण अभिवादन केलंत. का?" ऑरिन म्हणाला, "हं. गेल्या म्हणून." शेवटी त्यांनी त्याला सोडून दिलं. गावाने सोडलं नाही. जे बंदूकवाल्यांच्या बाजूचे होते त्यांनी पाठीवर थापा मारल्या, आणि त्याला त्या जास्त लागल्या.

कॉफीच्या दुकानात वर्षभर एकच विषय. "दहशतवादी म्हणजे बॉम्ब ठेवणारे. ही तर आपली पोरं!" "आपली पोरं कारकून बाईसमोर रायफल घेऊन उभी राहत नाहीत." "बंदूक रोखली थोडीच, नुसती हातात होती." "मग पुष्पगुच्छ न्यायचा होता." एकदा वरच्या वस्तीवरचा, इथल्या मूळ पायूट जमातीतला म्हातारा लॉयल कोपऱ्यातून म्हणाला, "ती जमीन आमच्याकडून गेली तेव्हा आम्ही बंदुका घेऊन तिथे बसलो असतो, तर कुठला शब्द वापरायचा यावर तुम्ही एवढी कॉफी प्यायला असतात का?" त्यावर सगळ्यांनी कपात बघितलं. दुकानदाराने विचारलं, "अजून कुणाला दालचिनीचा रोल?"

मार्चमध्ये लेनोरच्या घरासमोर विक्रीची पाटी लागली. ऑरिन गेला. ती जाळीच्या दाराआडून बोलली, दार उघडलं नाही.

"मला ठाऊक नव्हतं गं, लेनोर."

"काय ठाऊक नव्हतं? एकोणीस गाड्या होत्या. तू सगळ्या मोजल्यास म्हणे."

"गाड्या मोजल्या. आत कोण ते नाही बघितलं."

"मी त्यांच्या समोरून बाहेर आले, ऑरिन. रीस दारात उभा होता. मला म्हणाला, 'मॅडम, तुम्हाला निघावं लागेल.' मॅडम! मी त्याच्याकडे बघत राहिले, की आता हसेल. नाही हसला. रायफलचं तोंड जमिनीकडे होतं, पण बोट चापावर होतं. आणि बाहेर आले तर तू मला विचारलंस, शाळा लवकर सुटली का."

ऑरिनला खोकलाही आला नाही.

"कोर्टात सांग ना हे," तो शेवटी म्हणाला.

"नाही. ते विचारतील, घाबरलात का? त्या टोपीवाल्यासमोर मी 'घाबरले' म्हणणार नाही. मरेपर्यंत नाही." मग म्हणाली, "तुझं तू बघ."

रीसने गुन्हा कबूल केला होता. प्रश्न फक्त शिक्षेचा होता. सरकारी वकिलाचं म्हणणं, याला दहशतवाद धरा, म्हणजे दहा वर्षांच्या वर. रीसच्या वकिलाचं म्हणणं, भोळा पोरगा, नादी लागला, कुणाला इजा नाही, कुणाला धाक नाही, तुरुंगाऐवजी घरीच देखरेखीखाली ठेवा. त्याने साक्षीला ऑरिनला बोलावलं. आदल्या संध्याकाळी व्हर्डाने भावाचा कोट स्वतः ब्रश केला. "एकच प्रश्न आहे, ऑरिन. रीसने कुणाला घाबरवलं का? तू म्हणायचं, नाही. तू काही पाहिलेलंच नाहीस, म्हणजे खोटंही नाही ते."

"हं," ऑरिन म्हणाला.

ते खरंच खोटं ठरलं नसतं, हीच पंचाईत होती. रात्रभर तो कूस बदलत राहिला असं नाही, तो चांगला झोपला. पण सकाळी कोट घालताना त्याने खिशातली कचेरीची किल्ली काढून टेबलावर ठेवली, आणि मग पुन्हा खिशात टाकली.

कोर्टात वकिलाने गोड आवाजात विचारलं, "मिस्टर टॅकेट, तुमच्या भाच्याने त्या दिवशी कुणालाही भयभीत केल्याचं तुम्हाला दिसलं?"

"हं," ऑरिन म्हणाला. मग खोकला. मग म्हणाला, "लेनोर प्रुइट फाटक उघडं टाकून गेली."

वकील हसला. "म्हणजे?"

"एकोणीस वर्षं ती त्या फाटकातून येते-जाते. एकदा तिचा हात मोडलेला होता. एकदा नवऱ्याला झटका आल्याचा फोन आला होता. दोन्ही वेळा तिने फाटक लावलं. त्या दिवशी नाही लावलं."

वकिलाला काही कळलं नाही. सरकारी वकिलालाही नाही, तो कागद चाळत बसला. पण मागच्या तीन बाकांवर गुरंवाले बसले होते, टोप्या मांडीवर घेऊन. ते सगळे एकदम टोप्यांच्या आत बघायला लागले. सभेत सगळ्यात मोठ्याने ओरडणारा होता, त्याने डोळे पुसले. रीसने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

न्यायाधीशबाईंनी पुढे वाकून विचारलं, "मिस्टर टॅकेट, तुमच्या मते हे लोक दहशतवादी आहेत का?"

"बाई, मला शब्द विचारू नका. मी कुंपणं घालतो. त्या पुढाऱ्याला लोकांना घाबरवायचंच होतं, घाबरवून सरकारला वाकवायचं होतं. तसं तो बोललाही होता सभेत, मी ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या. त्याला म्हणा काय ते. रीसला वाटत होतं आपण आईची गुरं वाचवतोय. हा फरक मला दिसतो. पण दारातून बाहेर येणाऱ्या लेनोरला तो कसा दिसणार? तिला रायफल दिसली. आणि मला विचाराल तर, माझीही दोन बोटं दिसली."

पुढाऱ्याच्या शिक्षेत तो शब्द धरला गेला. रीसच्या बाबतीत बाईंनी धरला नाही. पण म्हणाल्या, एका बाईच्या मनात बसलेली भीती या कोर्टापुढे आली आहे, तिला डोळ्याआड करता येणार नाही. साडेतीन वर्षं.

बाहेर पायऱ्यांवर व्हर्डा भावाला एवढंच म्हणाली, "तू दोन वेळा फाटक उघडलंस. एकदा त्या लोकांना आत घ्यायला आणि एकदा माझ्या पोराला आत टाकायला." त्यानंतर तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. लेनोर बॉइसी शहरात गेली. ऑरिनने तिला दर नाताळला कार्ड पाठवलं. तिचं एकदाच आलं. छापील शुभेच्छा, खाली नाव, बाकी कोरं. ते त्याने किल्लीच्या खिळ्याला टांगलंय. किल्ली आता नुसती किल्ली आहे. कचेरीने साखळी बदलली, आणि नव्या साखळीत त्याचं कुलूप नाही.

तेव्हापासून तो कुणाच्या गाडीत शेजारच्या जागेवर बसत नाही. स्वतः चालवतो, नाहीतर चालत जातो.

आता एका पैजेची गोष्ट. प्रस्तुत लेखिका तेव्हा तेरा वर्षांची होती, आणि तिच्याकडे शाळेतली सगळ्यात गाजलेली नक्कल होती. ऑरिनमामा फाटकाशी. खुर्ची हेच फाटक, एकोणीस गाड्या, एकोणीस वेळा दोन बोटं, आणि शेवटी "हं". लोक पोट धरून हसायचे. हसताना तिच्या पोटात एक प्रश्न तसाच राहायचा. रीस सुटायच्या आठवड्यात तिने तो मामाच्या स्वयंपाकघरात विचारला. ती आता सतरा वर्षांची होती.

"मामा, खरं सांग. काहीतरी मनात आलं असेलच. कुणी असा विचार न करता उतरतं का? एकोणीस गाड्यांना?"

ऑरिनने कॉफीचा कप खाली ठेवला. "हं. पैज लाव."

"कशावर?"

"रीसला आणायला मी जाणार. तुझी आई घाटात बर्फात गाडी नाही नेऊ शकत. तो माझ्याशी एक शब्द बोलणार नाही. चार तास. तोंडाकडे बघणार नाही. आणि तरी तुमच्या घराच्या फाटकाशी उतरेल."

"शक्यच नाही. तो तसाच बसून राहील. तुला उतरायला लावेल, मुद्दाम. मी ओळखते माझ्या भावाला."

"हरलीस तर ती नक्कल बंद. कायमची."

"आणि जिंकले तर?"

"तर तू म्हणतेस ते खरं. मला ठाऊक होतं."

ती मागच्या सीटवर बसली. तुरुंगाबाहेर रीस आला तो बारीक झालेला, केस पांढुरके. बहिणीला मिठी मारली, मामाकडे पाहिलं नाही, शेजारच्या जागेवर बसला आणि खिडकीकडे तोंड केलं. चार तास. ऑरिनने दोनदा हीटर वाढवला, एकदा कमी केला. पांढऱ्या कानाची गाय अजून आहे, एवढं एकदा सांगून पाहिलं. उत्तर नाही. कचेरीवरून जाताना रीसने डोळे मिटले. लेखिका मनातल्या मनात जिंकलीच होती.

फाटक आलं. ऑरिनने गाडी हळू केली, आणि ती पुरती थांबायच्या आतच शेजारचं दार उघडलं. रीस उतरला. साखळी सोडली, फाटक बर्फातून ढकलून धरलं, गाडी आत गेली, आणि गाडी जाताना त्याची दोन बोटं कपाळाशी गेली, जिथे टोपी नव्हती. मग फाटक लावलं, दोनदा हिसडा देऊन पाहिला, परत येऊन बसला. आणि तेव्हा कुठे आपण काय केलं ते त्याला कळलं, कारण तो आपल्या हातांकडे बघत बसला, घर येईपर्यंत.

ऑरिनने आरशातून मागे पाहिलं. पैज जिंकलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो.

लेखिका हरली. ती नक्कल तिने त्यानंतर केलेली नाही.